वर्दळ सरलेल्या वाटा

मोटारी नसलेली वाट म्हटली की जिथे अजून धड रस्ताच पोहोचलेला नाही अशी एखादी आडवाट आपल्या डोळ्यांसमोर येते. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या दक्षिण भागात सायकल घेऊन फिरू लागल्यावर हे चित्र फार काळ टिकत नाही. शालोंजवळच्या जिव्रीपासून क्लूनीकडे जाणारी वाट हा एकेकाळचा लोहमार्ग आहे. सांतनेहून शालोंकडे नेणारी वाट कालव्यातल्या मालवाहू नावा ओढणाऱ्या माणसांसाठी आणि जनावरांसाठी आखलेली आहे. आणि बोन ते सांतने यांच्या दरम्यान वेलींच्या ओळींमधून जाणारी वाट ही द्राक्षबागायतदारांची रोजच्या कामाची वाट असून तिच्यावर आजही ट्रॅक्टर चालतात. ज्या शांततेसाठी दुरून दुरून सायकलस्वार इथे येतात, ती अशी एकेकाळच्या गजबजाटाने मागे ठेवलेली आहे. कोळसा, दगड, लाकूड, वाइनची पिंपे, प्रवासी असे सगळे या वाटांवरून गेले. पुढे दुसऱ्या, अधिक वेगवान वाटांनी तो भार उचलला आणि या मोकळ्या झाल्या. मला या प्रदेशाची जी ओढ वाटते ती बरीचशी यामुळेच. इथली शांतता बांधीव आहे, आणि मुळात ती वाट कोणत्या ओझ्यासाठी बांधली होती हे चढ-उतारांवरून पायांना कळत राहते.

प्रदेशाची रचना एकदा ध्यानात आली की नकाशाची फारशी गरज उरत नाही. पूर्वेकडचा भूभाग भूगर्भातल्या भेगांच्या रेषेवर खाली खचला आणि पश्चिमेकडे चुनखडीच्या खडकाची लांबच लांब कड उभी राहिली. दिजोंपासून दक्षिणेकडे सुमारे 60 किलोमीटर पसरलेल्या या कडेचा उतार पूर्वेकडे तोंड करून आहे, आणि जगभर नाव झालेल्या द्राक्षबागा त्याच उतारावर आहेत. कडेच्या माथ्यावर झाडी, मधल्या उतारावर वेली, पायथ्याशी मोटारींचा मोठा रस्ता आणि लोहमार्ग, आणि त्यापलीकडे सोन नदीचे सपाट मैदान. डोंगर, द्राक्षमळे आणि नदीकाठ हे तीनही एका दिवसात सायकलने पाहता येतात ते यामुळेच. एकाच घडामोडीने तयार झालेले हे तीन मजले आहेत आणि एकातून दुसऱ्यात उतरायला तासभरही पुरतो.

सुरुवात लोहमार्गाच्या वाटेने करावी असे मी सुचवेन, कारण ती सगळ्यांत सोपी आहे आणि सगळ्यांत फसवीही. जिव्री ते क्लूनी हा सुमारे 44 किलोमीटरचा पट्टा 1997 साली सायकलस्वारांसाठी खुला झाला, आणि फ्रान्समधला पहिला हरित मार्ग म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. अशा मार्गांना त्या देशाच्या वाहतूक नियमांत 2004 साली स्वतंत्र स्थान मिळाले; मोटारींना तिथे मज्जाव असतो आणि पायी चालणारे, सायकलस्वार व घोडेस्वार यांना ती वाट वाटून घ्यावी लागते. रूळ उखडून त्यांच्या जागी गुळगुळीत डांबर घातलेले आहे, पण बाकीचा लोहमार्ग जवळपास जसाच्या तसा आहे. ब्युसीसारख्या गावांत जुन्या स्टेशनांच्या इमारती उभ्या आहेत, गावरस्ता जिथे आडवा येतो तिथे फाटकवाल्याचे छोटेसे घर आहे, आणि टेकडीचा उंचवटा आला की वाट त्याच्यावर न चढता त्याला चिरून आरपार जाते. ओढा आला की भरावावरून, उंचवटा आला की कापलेल्या खिंडीतून, अशी ती आपली पातळी सोडायला तयार नसते.

फसवेपणा असा की आगगाडीला चढ सोसत नाही, शंभर मीटरला एखाद-दुसरा मीटर एवढीच तिची मजल, आणि इतका हलका चढ डोळ्यांना दिसतच नाही. मागे-पुढे पाहिले तर वाट सपाट वाटते. पायांना मात्र काहीतरी जड झाल्याची जाणीव होते आणि माणूस आधी चाकातली हवा दाबून पाहतो, मग ब्रेक घासतो आहे का ते तपासतो, मग आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष देतो. परत येताना त्याच पट्ट्यावर सायकल विनासायास पळू लागली की उलगडा होतो. इंजिनाच्या ताकदीचा हिशेब करून आखलेला तो चढ माणसाच्या पायांना इतका कसा मानवतो याचे मला नवल वाटते. दम लागत नाही आणि गिअरही फारसे बदलावे लागत नाहीत. एका लयीत तासन्‌तास पॅडल मारत राहता येते. लांबच्या सायकल प्रवासात ही लय म्हणजेच अर्धे सुख आहे, आणि उभ्या घाटात ती अशी कधीच मिळत नाही.

वाटेत कोर्मातेंचा वाडा लागतो, तेझे लागते. तेझेच्या टेकडीवर 1940 साली एका तरुण धर्मसेवकाने वस्ती केली आणि तिथून पुढे एक ख्रिस्ती समुदाय उभा राहिला. उन्हाळ्यात तिथे निरनिराळ्या देशांतली तरुण मुले हजारोंनी येतात. शांततेसाठी आलेल्या लोकांचीच इतकी गर्दी होऊ शकते हे पाहून गंमत वाटते. त्यापुढे क्लूनी. 910 साली स्थापन झालेल्या इथल्या मठाचे चर्च रोमचे सेंट पीटर नव्याने बांधले जाईपर्यंत ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे मानले जात होते, आणि राज्यक्रांतीनंतर त्याची विक्री होऊन त्याचे दगड खाणीतून काढावेत तसे काढून नेले गेले. आज एक मनोरा आणि थोडा भाग उभा आहे. या प्रदेशात वर्दळ फक्त वाटांवरूनच ओसरली असे नाही.

क्लूनीच्या दक्षिणेला हाच जुना लोहमार्ग माकोंच्या दिशेने पुढे जातो आणि ब्वा-क्लेरच्या बोगद्यात शिरतो. हा बोगदा सुमारे 1.6 किलोमीटर लांबीचा आहे. आत दिवे आहेत, पण भर उन्हाळ्यातही आत शिरताच अंगावर थंडीचा काटा येतो. बाहेरच्या उन्हात घामाने भिजलेला सदरा दोन मिनिटांत गार पडतो. छतातून कुठेतरी पाणी ठिबकत असते, आणि आपल्याच चाकांचा आवाज दोन्ही भिंतींवरून परतून येत असल्याने मागून कोणीतरी येत आहे असा भास होत राहतो. हिवाळ्यात हा बोगदा बंद असतो, कारण तेव्हा तो वटवाघळांच्या शीतनिद्रेसाठी राखून ठेवलेला असतो. त्या महिन्यांत सायकलस्वाराने वरची खिंड रस्त्याने चढून ओलांडावी अशी सोय आहे. मला ही वाटणी फार न्याय्य वाटते. आगगाडी गेली, तिच्या जागी सायकल आली, आणि सायकलीला काही महिने बाजूला व्हायला सांगणारा आणखी एक वारसदार निघाला.

खिंडीवरून जायची वेळ आली की गिअरांचे महत्त्व कळते आणि त्या अनुषंगाने पॉल द व्हिव्ही यांची आठवण निघणे साहजिक आहे. 1853 ते 1930 हा त्यांचा काळ. ते व्हेलोसिओ या टोपणनावाने लिहीत. सेंत-एत्येन इथे राहून ते सायकल प्रवासावर मासिक चालवत, आणि फ्रान्समध्ये त्यांना सायकल पर्यटनाचे जनक मानतात. चढ-उतारांच्या प्रदेशात अनेक गिअर असलेली सायकलच हवी असा त्यांचा आग्रह होता. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांचे मत नेमके उलट होते. गिअर बदलत बसणे हे वय झालेल्यांचे काम, अशी त्यांची धारणा होती, आणि साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलर गिअरांना त्या शर्यतीत 1937 सालापर्यंत प्रवेश नव्हता. व्हेलोसिओंनी प्रवाशांसाठी काही नियमही सांगून ठेवले आहेत. भूक लागण्याआधी खा आणि तहान लागण्याआधी प्या हे त्यांतले प्रसिद्ध आहेत, पण मला पटतो तो वेगळाच: अहंकारापोटी पॅडल मारू नका. मागून कोणी पुढे गेला की आपलाही वेग नकळत वाढतो हे प्रत्येक सायकलस्वाराला ठाऊक आहे. मोटारी नसलेल्या वाटेवर हा मोह कमी होत नाही, उलट वाढतो, कारण तिथे धाक कशाचाच नसतो.

हळू चालवण्याला माझ्या लेखी एक अगदी साधे कारण आहे, ते कानांचे. ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वेगाने सायकल जाऊ लागली की कानांवरून जाणारा वारा इतका घोंगावतो की दुसरे काहीच ऐकू येत नाही. पंधराच्या आसपास वेग आणला की तो आवाज ओसरतो आणि मग वाट बोलू लागते. आधी ऐकू येते ती आपलीच सायकल: कोरडी पडलेली साखळी, कॅरिअरचा सैल झालेला स्क्रू, बाटलीतले पाणी. नंतर तिच्या पलीकडचे. रस्त्यावर मोटारींच्या सान्निध्यात हे कधीच घडत नाही, आणि त्याचा संबंध इंजिनापेक्षा टायरांशी जास्त आहे. मोटार वेगात असली की तिच्या आवाजाचा मोठा वाटा रस्त्यावर घासणाऱ्या टायरांचा असतो, त्यामुळे सगळ्या मोटारी विजेवर चालू लागल्या तरी महामार्गालगतचा गोंगाट फारसा कमी होणार नाही. बोनच्या बाजूला पायथ्याच्या मोठ्या रस्त्यावरचा तो सलग घरघराट उतारावरून नीट ऐकू येतो. वाट थोडी वर चढून एखाद्या दगडी भिंतीमागे गेली की तो एकदम तुटतो, आणि तोवर आपण काय सोसत होतो ते त्या क्षणी कळते.

वेलींच्या या उतारावरची वाट सुमारे 20 किलोमीटरची आहे. बोनहून निघून पोमार, वोलने, मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे, शासान्य-मोंराशे अशा गावांतून ती सांतनेला पोहोचते. गावांची नावे वाइनच्या बाटल्यांवर वाचलेली असल्याने ती मोठी असतील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती दगडी कुंपणांच्या आत बसलेली लहान खेडी आहेत, आणि एकातून बाहेर पडल्यावर पाच-दहा मिनिटांत दुसरे येते. इथला चढ लोहमार्गासारखा नाही. कोणत्याही इंजिनाचा हिशेब इथे झालेला नाही. टेकडी जशी उतरली तशी वाट उतरते, मध्येच उभा चढ येतो, मध्येच काटकोनात वळण येते, कारण तिथे कुणाच्या तरी तुकड्याची हद्द आहे. या हद्दी फार जुन्या आहेत. माती, उतार आणि ऊन यांच्या बारीक फरकांनुसार इथल्या जमिनीचे 1247 नामांकित तुकडे पाडलेले आहेत, आणि 2015 साली युनेस्कोने या सबंध पट्ट्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत वारसाहक्काने होणाऱ्या वाटण्यांची भर पडते. उत्तरेकडे वूजो इथे सिस्टर्शियन साधूंनी भिंत घालून राखलेली सुमारे 50 हेक्टरांची एकच बाग आहे, आणि तिचे आजचे मालक 80 हून अधिक आहेत. इतक्या मालकांना आपापल्या ओळींपर्यंत पोहोचायचे तर वाटाही तितक्याच लागणार. सायकलस्वाराला मिळालेले अरुंद, काँक्रीटच्या वाटांचे हे जाळे त्या गरजेतून विणले गेले असावे.

इथे वर्दळ सरलेली नाही, ती फक्त हंगामी आहे, आणि हे न उमजलेला पाहुणा लवकरच कुणाच्या तरी वाटेत उभा राहतो. वेली एकमेकींपासून जेमतेम मीटरभर अंतरावर लावलेल्या असतात, एका हेक्टरात सुमारे दहा हजार, आणि उंचीला त्या माणसाच्या कंबरेच्या जरा वर. दोन ओळींमध्ये साधा ट्रॅक्टर शिरूच शकत नाही. म्हणून इथला ट्रॅक्टर उंच पायांचा असतो. ओळ पोटाखाली घेऊन, चाके दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत टाकून तो चालतो. शेतातून तो वाटेवर येतो तेव्हा चालक आपल्या डोक्यापेक्षा बराच वर बसलेला असतो आणि वाटेची रुंदी बहुतेक सगळी त्यानेच व्यापलेली असते. अशा वेळी सायकल उचलून गवतात उभे राहावे, हात वर करावा आणि त्याला जाऊ द्यावे. तो कामावर आहे, आपण नाही.

थांबलोच आहोत तर ओळींकडे जरा वाकून पाहावे. जमिनीलगत प्रत्येक वेलीच्या बुंध्याशी एक गाठीसारखा फुगवटा दिसतो, तो कलमाचा सांधा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या किडीने इथल्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि त्यावर शेवटी उपाय सापडला तो अमेरिकी जातींच्या खुंटावर इथल्या वेलींचे कलम करण्याचा. वरचा पीनो न्वार किंवा शार्दोने या जातीचा वेल शंभर टक्के बर्गंडीचा, आणि मुळे समुद्रापलीकडच्या वंशाची. तारांवर ठरावीक अंतराने तपकिरी रंगाच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या अडकवलेल्या असतात. त्यांतून फळ पोखरणाऱ्या पतंगांच्या मादीचा गंध सुटतो आणि नरांची दिशाभूल होऊन त्यांची वीण रोखली जाते. पानांवर कधी निळसर झाक असते, ती मोरचुदाच्या फवारणीची. फवारणी चालू असेल तर मात्र पाहत उभे राहू नये. वारा कुठला आहे ते बघून दुसरी वाट धरावी. थंडीत छाटणीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट दिसते, एका चाकावर बसवलेले पत्र्याचे अर्धे पिंप. छाटणारा माणूस ते ओळीतून आपल्याबरोबर ढकलत नेतो, छाटलेल्या काड्या त्यात जाळतो आणि मधून मधून हात शेकून घेतो. उतारावर ठिकठिकाणी असे धुराचे पांढरे झुबके दिसले की कामाला माणसे किती आणि कुठे आहेत ते दुरूनच मोजता येते. भिंतींना लागून दगडावर दगड रचून, चुना-सिमेंटशिवाय बांधलेल्या खोपटांनाही इथे तोटा नाही. शेत साफ करताना निघालेले दगड टाकायचे कुठे, या प्रश्नाचे ते उत्तर आहे, आणि अचानक पाऊस आला तर सायकलस्वारालाही त्या उत्तराचा उपयोग होतो.

सांतनेच्या पायथ्याशी वेली संपतात आणि कालवा सुरू होतो. ल्वार नदीकाठचे दिग्वें आणि सोन नदीकाठचे शालों यांना जोडणारा हा सुमारे 112 किलोमीटरचा कालवा अठराव्या शतकाच्या अखेरीस एमिलाँ गोते या अभियंत्याच्या देखरेखीखाली खोदला गेला. ल्वार अटलांटिकला मिळते आणि सोनचे पाणी रोन नदीमार्गे भूमध्य समुद्रात जाते. त्यामुळे या एका चराने दोन समुद्र जोडले गेले. पाण्याची पातळी वर-खाली करून नाव चढवणारी-उतरवणारी लॉक या कालव्यावर ओळीने आहेत आणि त्यांचे क्रमांक मधल्या माथ्यापासून दोन बाजूंना वेगवेगळे मोजलेले आहेत, एका बाजूचे महासागराचे आणि दुसऱ्या बाजूचे भूमध्याचे. लॉकपालाच्या घरावर लोखंडी पाटी असते. तिच्यावर क्रमांक, बाजू आणि आधीचे व पुढचे लॉक किती अंतरावर आहे ते लिहिलेले असते. सायकलस्वाराला याहून चांगला मैलाचा दगड मिळणार नाही.

चढाच्या बाबतीत कालवा हा लोहमार्गाच्याही पलीकडचा. पाणी चढूच शकत नाही, म्हणून दोन लॉकांमधली वाट अगदी खरोखरीची सपाट असते, आणि मग लॉकापाशी काही मीटरांचा एक छोटा, तीव्र चढ एकदम समोर येतो. सबंध डोंगराची उंची अशी पायऱ्यांत साठवून ठेवलेली आहे. लॉकांची मापेही या देशात एका माणसाच्या नावाने ओळखली जातात. सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या 1879 च्या कायद्याने मुख्य कालव्यांवरील लॉक सुमारे 39 मीटर लांब आणि 5.2 मीटर रुंद ठरवले गेले, आणि नावाही त्याच मापाने बांधल्या जाऊ लागल्या. आज त्या लॉकांमधून जातात त्या बहुतेक सुट्टीवर आलेल्या लोकांच्या भाड्याच्या बोटी. पण एखाद्या जुन्या कमानी पुलाखालून जाताना सायकलवरून उतरून दगडाच्या कोपऱ्यावरून बोटे फिरवून पाहावीत. नाव ओढणारा ओला, वाळूने माखलेला दोर वर्षानुवर्षे घासून दगडात बोटभर खोल खाचा पडलेल्या असतात, एकीखाली एक, आणि आतून गुळगुळीत. इतकी वर्दळ इथून गेली याला याहून मोठा पुरावा नको. नाव ओढणारा माणूस किंवा घोडा तासाला तीन-चार किलोमीटर जात असेल. आपण त्याच वाटेने त्याच्या चौपट वेगाने जातो आणि तरी स्वतःला निवांत समजतो.

मे महिन्यात कालव्याकाठच्या झुडपांत नाइटिंगेल भरदिवसा गातात. पाण्यावरून निळी रेघ ओढल्यासारखा खंड्या जातो. राखी बगळा सायकल अगदी जवळ येईपर्यंत हलत नाही, मग नाराजीनेच उडून शंभर मीटरवर पुढे बसतो आणि आपण तिथे पोहोचलो की पुन्हा तेच. हा खेळ अर्धा तास चालू शकतो. मागे उडून जावे हे त्याला सुचत नाही.

शालोंला कालवा संपतो आणि सोन नदी भेटते. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा, चार हजार किलोमीटरांहून लांब असा युरोवेलो 6 हा सायकल मार्ग इथूनच जातो, आणि लक्झेंबर्गच्या सीमेपासून लिओंपर्यंत मोझेल व सोन नद्यांच्या काठाने येणारा सुमारे 700 किलोमीटरचा निळा मार्गही इथूनच जातो. शालोंपासून दक्षिणेला तुर्न्यू आणि माकोंकडे जाणारा नदीकाठ हा बर्गंडीचा सर्वांत खालचा मजला. सोन इतकी संथ आहे की इ.स.पू. 58 मध्ये सैन्य घेऊन इथे आलेल्या ज्युलियस सीझरनेही ती कोणत्या दिशेला वाहते हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही अशी नोंद करून ठेवली. मी पुलावरून काडी टाकून पाहिली आहे. काडी विचारात पडल्यासारखी जागच्या जागी थोडी फिरली आणि मगच दक्षिणेकडे निघाली.

पुष्कळ सायकलस्वार मैदानाला कंटाळवाणे म्हणतात आणि डोंगराकडे परत फिरतात. त्यांचे म्हणणे मला अर्धवट पटते. मैदानात दृश्य बदलत नाही. कुरणे, पॉप्लरांच्या रांगा, पांढरी शारोले गुरे, दूर एखाद्या चर्चचा मनोरा, आणि तासाभराने तोच मनोरा जरासा मोठा झालेला. मात्र मैदान सोपे असते हे म्हणणे चुकीचे. उत्तरेकडून या खोऱ्यात बीझ नावाचा कोरडा, गार वारा वाहतो आणि त्याला अडवायला इथे काहीच नाही. तो पाठीशी असेल तर शालोंहून माकों कधी आले ते कळत नाही. उलट दिशेने निघालेल्या माणसाला मात्र तो दिवसभर, एकही वळण किंवा उतार न देता, चढ चढायला लावतो. डोंगराचा चढ संपतो तरी. वाऱ्याला माथा नसतो. म्हणून या काठाने जायचे तर उत्तरेकडून दक्षिणेला जावे आणि परतीला सायकल सरळ आगगाडीत टाकावी; या भागातल्या प्रादेशिक गाड्यांत सायकलीसाठी जागा असते.

नदीकाठच्या घरांवर पुराच्या पातळीच्या खुणा कोरलेल्या दिसतात आणि त्यांत बऱ्याच ठिकाणी सर्वांत वरची रेघ 1840 ची असते. सोनचा पूर डोंगरी नदीसारखा अंगावर येत नाही. तो हळूहळू पसरतो आणि तितक्याच हळूहळू, आठवडे घेऊन ओसरतो. कुरणे कुरणे म्हणूनच राहिली, त्यांवर घरे आणि कारखाने आले नाहीत, त्याचे श्रेय या पुराला द्यायला हवे. चंडोल या कुरणांवर उंच जाऊन गातो आणि मैल-मैल दुसरा आवाज नसतो, याचेही. हिवाळ्याच्या शेवटी ही वाट अधूनमधून पाण्याखाली असते, आणि पाणी गेल्यावरही काही दिवस तिच्यावर करड्या गाळाचा थर राहतो. तो ओला असताना त्यावरून जाणे म्हणजे मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये माती थापून घेणे होय.

या वाटांच्या पृष्ठभागावरून सायकलस्वारांत वाद चालतात. कालव्याकाठी काही ठिकाणी अजून दाबलेली बारीक खडी आहे, काही ठिकाणी डांबर. डांबर आले की मुले, वृद्ध, चाकांची खुर्ची वापरणारे आणि स्केट्सवरून घसरत जाणारे सगळे येऊ शकतात, आणि म्हणून डांबराच्या बाजूने बोलणारे बरोबर आहेत. मला स्वतःला खडी आवडते, कारण ती वेगाला आपोआप लगाम घालते आणि 35-40 मिलिमीटरच्या टायरखाली तिचा एक खुसखुशीत आवाज येत राहतो. पण ही माझी चैन आहे, सार्वजनिक वाटेचे धोरण तिच्यावर ठरू नये. रविवारी दुपारी जिव्रीजवळच्या डांबरी पट्ट्यावर तीन पिढ्यांची कुटुंबे आडवी पसरून चालताना दिसतात, आणि घंटी वाजवून वाट मागणाऱ्याकडे त्यांनी जरा त्रासिक नजरेने पाहिले तर त्यांचे काही चुकत नाही. पायी चालणाऱ्याचा मान अशा वाटेवर पहिला.

कधी जावे, याचे उत्तर बहुतेक माहितीपत्रके सप्टेंबर असे देतात, आणि चित्रे पाहता ते खोटे नाही. घड पिकलेले असतात, ऊन मऊ असते, पाने रंग बदलू लागलेली असतात. पण तोच तोडणीचा काळ आहे आणि तोडणीचा काळही पूर्वीच्या जागी राहिलेला नाही. बोन इथल्या द्राक्षतोडणीच्या तारखांची 1354 पासूनची मालिका अभ्यासकांनी जुळवली आहे; तिच्यानुसार 1988 नंतर तोडणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे 13 दिवस आधी सुरू होऊ लागली. उष्ण वर्षी आता ती ऑगस्टच्या अखेरीसच सुरू होते. चांगल्या बागांत घड हातांनी खुडले जातात. त्यामुळे त्या दिवसांत पोमार-वोलनेच्या अरुंद वाटांवर मजुरांच्या गाड्या, क्रेट भरलेले ट्रेलर आणि घाईत असलेले मुकादम यांची पहाटेपासून रीघ लागते. मी मे महिन्याच्या बाजूचा आहे. ज्याला सुट्टीच सप्टेंबरात मिळते त्याने वेलींची वाट दुपारच्या जेवणाच्या तासात, मजूर ओळींच्या टोकाला सावलीत बसलेले असताना गाठावी, आणि दिवसाचे बाकीचे तास सांतनेच्या पुढे कालव्याकाठी काढावेत.